'शिवीगाळ' मधला गाळ नक्की कुठला?

काल जेवताना लेकीने विचारलं, बाबा शिवीगाळ मधली शिवी कळली, पण गाळ कुठला, नाल्यात साचतो तो का? मी घास गिळता गिळता हो म्हणून टाकलं, घाण ती घाणच. रात्री मात्र मलाच पटेना. आणि मुळात शिवी तरी कुठून आली? मी आपला इतकी वर्षं धरून चाललोय की शिवणे म्हणजे स्पर्श, मनाला शिवते ती शिवी. जाणकार लोकांनी जरा सांगा.

—

नाल्यातला नाही हो, लेकीला लगेच सांगा. हा गाळ म्हणजे संस्कृतातला गालि, हिंदीत गाली, कोकणीत गाळी, गुजरातीत तर अजून गाळच म्हणतात. मराठीत तो एकटा फिरायचा बंद झाला आणि शिवीला चिकटून तेवढा उरला. कागदपत्र, बाजारहाट तसंच हे, एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची आपली जुनी खोड. आता पेपरात 'शिवीगाळ व मारहाण' एवढ्यापुरता भेटतो बिचारा.

अजून एका ठिकाणी हा गाळ टिकलाय, तो म्हणजे गधेगाळ. कोकणात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात असे दगड सापडतात, वर चंद्र-सूर्य, मधे मजकूर आणि खाली गाढव आणि बाई, काय ते चित्र बघितल्यावर कळतंच. राजाने जमीन दान दिली आणि पुढे कोणी ते दान मोडलं तर त्याच्या आईचं काय होवो ते तिथे कोरलेलं असतं. शिलाहारांच्या काळातला, सन 1187 चा परळचा शिलालेख बघा, सगळा मजकूर संस्कृतात आणि शेवटची ही ओळ तेवढी मराठीत! दानाची भाषा पंडितांना कळली तरी पुरे पण धमकी ज्याला द्यायची त्याला कळायला नको का. (ओळ इथे लिहीत नाही, मुलीबाळी वाचतात. आणि दान मोडणार हा, भोगणार त्याची आई, हे तेव्हापासून चालूच आहे.)

आता तुमची शिवी. स्पर्शवाली कल्पना ऐकायला गोड आहे पण मला पटत नाही, तसं असतं तर शिवी 'लावली' म्हटलं असतं, आपण ती देतो नाहीतर घालतो. मला पटते ती शप् धातूची व्युत्पत्ती, ज्यातून शाप आणि शपथ आले. प चा व होणं मराठीत रोजचंच, दीप चा दिवा, कपाट चं कवाड, नापित चा न्हावी, सपाद चं सव्वा. आणि अर्थ तर त्या दगडावरच दिसतोय ना, ती ओळ शिवी आहे की शाप? दोन्ही. म्हणून तर शिव्याशाप असा जोडशब्द. गंमत म्हणजे शपथही आईचीच घेतो आणि शिवीही आईवरूनच देतो.

—

'देणे' वरून आठवलं, संस्कृतात एक सुभाषित आहे त्याचा भावार्थ असा की द्या द्या शिव्या, तुमच्याकडे त्या भरपूर आहेत, आमच्याकडे नाहीत म्हणून आम्ही देऊ शकत नाही, जवळ असेल तेच माणूस देतो, सशाचं शिंग कोणी कोणाला दिलंय का. ऑफिसात एकाला हे ऐकवलं होतं, त्याला कळलंच नाही की आपल्याला काय म्हटलं.

—

मला तर वाटतं शिव्यांसाठीचे आपले शब्द अर्धे देवघरातूनच उचललेत. लाखोली बघा, शंकराला बेलाची, गणपतीला दुर्वांची, एक लाख पानं मोजून वाहायची म्हणजे लाखोली. आता लाखोली म्हटलं की पुढे शिव्यांचीच, आणि क्रियापद तेच, वाहिली! सात पिढ्यांचा उद्धार केला म्हणतो तेव्हा कुठल्या पिढीला मोक्ष मिळतो? सकाळी सकाळी आरती ओवाळली, पूजा बांधली, सगळं तेच. उपरोध आहे हे खरं पण नुसता उपरोध नसावा, मनापासून शिव्या देणारा माणूस मंत्र म्हटल्यासारखा एका लयीत देतो, मधे थांबत नाही, आमच्या चाळीतल्या एका काकू श्वास कधी घ्यायच्या कळायचं नाही.

—

आमच्या सातारकडे या मग. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी शेजारी शेजारी, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार म्हणतात त्याला. ढोल-ताशे, बघ्यांची गर्दी, पोलीस बंदोबस्त, सगळं असतं. शिमग्याची बोंब तर सगळ्यांना माहीत आहे, ती पुरुषांची. हा बार बायकांचा, म्हणून जास्त भारी.

—

सगळ्यांचे आभार, लेकीला गाढव वगळून बाकी सगळं सांगितलं. आता तिचा पुढचा प्रश्न, शिवी 'हासडतात' का?

—

हासडणे म्हणजे हिसका देऊन उपटणे. मुळा उपटतात तशी शिवी आतून ओढून काढायची. आमची आजी दोन्ही एकाच वाक्यात वापरायची, 'परत शिवी हासडलीस तर जीभ हासडून हातात देईन मेल्या.'

—

मेल्या ही शिवी धरायची का पण?

—

आजीची नाही धरत.