प्रति: नीतिमत्ता ऑफिसात शिकवता येते का?
वर कुणीतरी म्हटलंय की नीतिमत्ता घरून येते, ऑफिसात शिकवता येत नाही. अर्धंच पटलं. मी गोव्यात, वेर्ण्याला एका औषध कंपनीत शिफ्ट बघतो. आमच्यात नियम साफ आहे, काम केलं त्याच वेळी नोंद, मागची वेळ टाकायची नाही. पण शिफ्ट सुटायच्या टायमाला पोरगा लॉगबुक घेऊन येतो, सकाळी वजनकाटा तपासला पण लिहायचं राहिलं, "पात्रांव (म्हणजे साहेब), सकाळचा टायम घालू?" आणि तिकडे डिस्पॅचवाल्यांचा फोन वाजतोय, तेव्हा संस्कार बिंस्कार आठवत नाहीत हो, आधी ठरवून ठेवलेलं असतं तेच तोंडातून निघतं. आत्ताचीच वेळ घाल, उशिरा नोंद का ते लिही, सही कर, डेव्हिएशन, म्हणजे नियम चुकल्याची नोंद, मी टाकतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण खरं सांगणाऱ्यालाच मेमो दिला तर पुढच्या वेळी तो विचारायलाच येणार नाही, गपचूप भरून मोकळा होईल. नवीन सुपरवायझरना पीपीटी दाखवण्यापेक्षा अशा वेळी बाजूला उभं करा.

वरून दट्ट्या आला तर मात्र कठीण. मी तोंडी ऑर्डर घेत नाही, मेल टाका म्हणतो. बहुतेक वेळा मेल येतच नाही :)