मदत हवी आहे: स्पॅनिश क्रियापदांत आघात कुठे?

राम राम मंडळी. मी अमळनेरची. भाची आणि मी घरीच स्पॅनिश शिकतोय, तिला डेले ए-वन (स्पॅनिशची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा) द्यायची आहे. तोंडी परीक्षा असते, म्हणून उच्चाराची फार काळजी वाटते. आमच्याकडे विचारायला जवळपास कुणी नाही.

साधा नियम कळलाय. शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्यावर. वेगळं असेल तिथे स्वरावर तिरपी रेघ. म्हणून मूळ क्रियापद 'आ-ब्लार' शेवटी जोर घेतं, कारण शेवटी 'र' आहे. 'आ-ब्लो' म्हणजे 'मी बोलतो', जोर पहिल्यावर. तोच शेवटच्या 'ओ'वर दिला की 'तो बोलला'. एवढ्याशा जोराने काळ आणि माणूस दोन्ही बदलतात, म्हणून हे पक्कं करायचंय.

अडतंय ते 'इआर'ने संपणाऱ्या क्रियापदांशी. 'काम्ब्यार' (बदलणे) याचं 'मी'चं रूप 'काम्-ब्यो', दोनच अक्षरं. पण 'एन्ब्यार' (पाठवणे) याचं 'एन्-बी-ओ', तीन अक्षरं, जोर मधल्या 'ई'वर. 'आम्ही'च्या रूपात मात्र दोन्हीकडे जोर 'आ'वरच. हे दोन गट ओळखायचे कसे?

भाची म्हणाली, जवळचा शब्द बघ: 'काम्ब्यो' आणि 'एन्बीओ' ही नामंही तशीच आहेत. पटलं होतं, पण 'आम्प्लिआर' (वाढवणे) आडवं आलं. विशेषण 'आम्-प्ल्यो', क्रियापद 'आम्-प्ली-ओ'!

काही खूण आहे, की एकेक पाठच करायचं? शिकवणाऱ्या ताई-दादांनी कृपया सांगा. नेहमी लागणाऱ्या क्रियापदांची गटवार यादी कुणाकडे असेल तर तीही द्या.