चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्याला पगार द्यावा का?

फतेगंजकर
पुढच्या महिन्यात आमच्या बडोद्याच्या चर्चमधल्या मंडळीच्या कमिटीपुढे एक विषय येतोय. क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, बसवणारा आणि कीबोर्ड वाजवणारा, या दोघांना दरमहा मानधन द्यायचं की नाही. आजवर हे काम ‘सेवा’ म्हणून फुकटच चाललंय. माझं मत: द्यावं. गाणाऱ्यांना नको, बसवणाऱ्यांना द्यावं.

रविवारी लोकांना दिसतो तो तास-दीड तास. त्याच्या आधीचं कोणी बघत नाही. पाळकसाहेब शास्त्रपाठ शुक्रवारी रात्री कळवणार. मग त्याला जुळणारी गीतं शोधा, ती मंडळीला येतात का बघा, दोन माणसं आजारी पडली की आवाज पुन्हा वाटा. आणि सूर! जुन्या गीतपुस्तकांतल्या पट्ट्या चार आवाजांच्या हिशेबाने छापलेल्या असतात. मंडळीतले पुरुष मात्र बाससाठी, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजासाठी, लिहिलेलं सोडून मूळ चालच गातात, आणि सकाळी साडेआठला त्यांचा गळा वर चढत नाही. ‘कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे की,’ असं कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले. आहे ना. पण सूर दोन घरं खाली आणला की मंडळी खूश होते आणि बासवाल्यांना तळाचे सूर लागत नाहीत. भजन असेल तर वेगळीच पंचाईत. पुरुषांना काळी एक ही पट्टी सोयीची, बायकांना काळी चार-पाच. मधला सूर धरला की दोघांचीही थोडी ओढाताण होते, आणि ती कुठे कमी होईल हे ज्याला कळतं तोच क्वायर बसवू शकतो. हे कसब आहे. कसबाला पैसे पडतात.

जुनी_पेटी
पडत असतील बाहेर. देवळात, चर्चमध्ये का पडावेत?

जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, असं तुकोबांनी सांगून ठेवलंय. आणि तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणत. टिळकांची भजनं आपण दर रविवारी गातो. ती गाणाऱ्याच्या नावाने आता व्हाउचर फाडायचं?

दुसरं म्हणजे, एकाला पगार सुरू झाला की बाकीचे हात झटकतात. ‘त्याला पैसे मिळतात ना, मग खुर्च्याही तोच लावेल, झेरॉक्सही तोच काढेल.’ हे मी एका मंडळीत डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांत क्वायर अर्धी झाली.

मकरपुऱ्याचा_बास
काका, तुम्ही पेन्शनीत आहात म्हणून तुकोबा आठवतात. 🙂 नारदीय कीर्तनकार बिदागी घेतात, तबलजी-पेटीवाल्याला वेगळं पाकीट असतं, आणि म्हणून त्यांच्या भक्तीवर कोणी शंका घेत नाही.

शास्त्रातलंच हवं असेल तर बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा १३ वा अध्याय काढा. लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश) आणि गाणारे यांचा वाटा दिला गेला नव्हता, म्हणून ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्या रागावला तो अधिकाऱ्यांवर, गाणाऱ्यांवर नव्हे. १ इतिहास ९:३३ मध्ये तर गाणाऱ्यांना इतर कामांतून मोकळं ठेवल्याचं लिहिलंय, कारण त्यांचं काम रात्रंदिवस चाले.

आणि जर्मन संगीतकार बाख. लाइप्झिगला १७२३ पासून मरेपर्यंत चर्चच्या संगीताची जबाबदारी त्याच्याकडे होती. १७३० मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कुरकुरतोय की हवा निरोगी असली की माणसं कमी मरतात, अंत्यविधीची मिळकत घटते, आणि आदल्या वर्षी त्यात शंभरावर थालर (तिथली चांदीची नाणी) बुडाले! एवढा मोठा माणूस, पण घर चालवायला लोकांच्या मरणाकडे डोळे. नक्की पगार नसला की असं होतं. आपल्याकडेही वाजवणारा लग्नाच्या सीझनची वाट बघत असतो आणि साध्या रविवारी दांडी मारतो. दोष त्याचा म्हणायचा का?

जुनी_पेटी
लेवींना जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून दशमांश, म्हणजे लोकांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, होता. तुमच्या कीबोर्डवाल्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी आहे. उदाहरण लागू पडत नाही.

दांडियाबाजार
मी ख्रिस्ती नाही, पण मत मांडतो. सूरसागरच्या कॉलेजात तबला शिकलो, गेली काही वर्षं नाताळात दोन-तीन ठिकाणी कॅरोलला वाजवतो. पाकीट मिळतं, केकही मिळतो. कोणाची तक्रार नाही.

बडोद्यात बसून ‘कलावंताला पगार दिला की कला विटते’ म्हणणं जरा गमतीचंच वाटतं. इथे संस्थानाचा कलावंत कारखाना होता, म्हणजे गवई-वादकांचं रीतसर सरकारी खातं, पगार आणि नियमांसकट. गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, तीच पुढे आमचं कॉलेज झाली. फैयाज खाँसाहेब दरबारचे नोकर होते. पगारामुळे त्यांचं गाणं उतरलं असं म्हणायची हिंमत आहे कोणाची?

पण पगाराबरोबर नियमही येतात, हे पगार मागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. तालमीला उशीर झाला तर? कोणतं गीत घ्यायचं हे पाळकसाहेब ठरवणार की बसवणारा? आणि माझा खरा प्रश्न: कसबावर नेमणूक करणार असाल तर माझ्यासारखा चालेल का?

फतेगंजकर
तबल्यावर चालेल. क्वायर बसवायला नाही. गीतातल्या शब्दांवर ज्याचा विश्वास नाही तो कुठल्या कडव्याला लय थांबवायची ते ठरवू शकणार नाही. (यावर अनेकांचं माझ्याशी पटणार नाही, माहीत आहे.)

आल्टोवाली
सगळे पुरुष पैशावर भांडताय म्हणून बोलते.

माझा पगाराला विरोध आहे, पण काकांच्या कारणासाठी नाही. पैसे दिले की माणूस पैशांइतकं काहीतरी दाखवायला बघतो. म्हणजे लांब इंट्रो, मध्येच ड्रम्स, माइकवर तिघांचे आवाज, आणि समोरची मंडळी पुस्तक मिटून ऐकत उभी. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने १७६१ मध्ये गाण्याबद्दल सूचना लिहिल्या. जीव ओतून गा, पण इतरांहून आपला आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून ओरडू नका, आणि रेंगाळू नका. त्या सूचना मंडळीसाठी आहेत. वेस्लीच्या लेखी गाणारी मंडळीच. पुढे उभ्या असलेल्यांचं काम तिला गातं ठेवण्याचं.

आता दुसरी गोष्ट. संडे स्कूलच्या पोरांना गीतं शिकवते कोण? बायका. आज जे टेनर म्हणून मिरवतात त्यांना ‘सा’ कोणी लावून दिला? मानधनाच्या यादीत मात्र क्वायरमास्तर आणि कीबोर्डवाला, दोघेही पुरुष. १९०३ मध्ये पोपसाहेबांनी क्वायरमध्ये गाणं हे उपासनेतलं अधिकृत पद ठरवलं आणि त्याच कारणाने बायकांना बाहेर ठेवलं. पियानो आणि ढोलही बंद केले होते. आपण त्या रोमन कॅथलिक पंथाचे नाही, पण कामाला ‘पद’ म्हटलं की बायका त्यातून कशा गळतात याचा तो नमुना आहे. पुढे ते नियम सैल झाले, १९६३ मध्ये त्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर देशोदेशींच्या संगीतालाही जागा दिली. आपण मात्र उलट दिशेला निघालोय.

मकरपुऱ्याचा_बास
ताई, ड्रम्सचा मुद्दा मान्य. पण मंडळी गात नाही याचं कारण पगार नाही, दर रविवारी दोन नवी गीतं हे आहे. नवं गीत महिनाभर एकच घ्यायचं असतं. हे शिकलेल्या माणसालाच कळतं, आणि शिकलेला माणूस फुकट किती वर्षं टिकणार?

आल्टोवाली
मी टिकले की.

फतेगंजकर
आल्टोवाली ताईंचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. प्रस्तावात तिसरी जागा घालतो: संडे स्कूलची गीतशिक्षिका, क्वायरमास्तराइतकंच मानधन. आणि करारात एक ओळ, की वर्षाच्या शेवटी मंडळीला किती गीतं पुस्तकाशिवाय येतात ते बघायचं. पैसे त्यावर चालू ठेवायचे किंवा थांबवायचे.

जुनी_पेटी
म्हणजे दोनाच्या जागी तीन पगार. दानार्पण वाढणार आहे का? छपराचं काम बाकी आहे, पेटीचा भाता दोन पावसाळे गळतोय. मी विरोधात हात वर करणार, आताच सांगून ठेवतो. भाता दुरुस्त करायचे पैसे मात्र मी देतो, त्याला ठराव नको.

आल्टोवाली
तिसऱ्या जागेला माझी हरकत नाही. पहिल्या दोन जागांना आहे. वेगवेगळं मतदान घ्या.

दांडियाबाजार
तबल्याचं काय ते लवकर ठरवा. २४ डिसेंबरला दुसरीकडूनही विचारणा आली आहे.