लहान गाडीत क्लचचं पेडल हवं की नको?

दुसरा_गिअर (धागाकर्ता)

हजार ते बाराशे सीसीचं इंजिन, 60 ते 80 हॉर्सपॉवर, रोजचं धावणं बहुतेक तुंबलेल्या रस्त्यांवर, अधूनमधून घाट. अशी गाडी मॅन्युअलच (क्लच दाबून हाताने गिअर बदलायची) घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

एक, या इंजिनांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जेमतेम 90 ते 110 न्यूटन मीटर, आणि तोही 3500 आरपीएमच्या पुढे. गिअर कधी खाली आणायचा हे चढ समोर दिसणारा माणूस ठरवतो. कॉम्प्युटरला चढ लागल्यावर कळतो. दोन, खर्च अंदाजात राहतो. मॅन्युअलमध्ये झिजते ती क्लच प्लेट, आणि ती बदलणं हे कुठल्याही बऱ्या गॅरेजचं एका दिवसाचं काम. तीन, घाटात उतरताना दुसऱ्या गिअरात टाकलं की ब्रेक थंड राहतात.

विरोधी मतं येऊ द्या. फक्त ‘ऑटोमॅटिक आरामदायी असते’ एवढंच लिहू नका, ते माहीत आहे.

डावा_पाय

मग आरामाचं सोडून बोलतो. तुंबलेल्या रस्त्यावर मॅन्युअलची प्लेट का जाते? गाडी वेगाने चालवून नव्हे. पुढची गाडी दोन मीटर सरकली की आपणही सरकायचं, तेही हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून, प्लेट घसरवत), म्हणून. त्यात पाय कायम पेडलवर टेकलेला. तेवढ्या वजनानेही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) फिरत राहतं आणि प्लेटवरची पकड ढिली होते. ऑटोमॅटिकला ही खोड नसते. ‘मॅन्युअलचा खर्च अंदाजात’ हे खरं, पण तो अंदाज चालवणाऱ्याच्या पायावर आहे. एकाची प्लेट लाखभर किलोमीटर टिकते, दुसऱ्याची 30,000 मध्ये जळते. गाडी तीच.

तुमचा पहिला मुद्दा, म्हणजे पिकअपची तक्रार, चार गिअरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकच्या काळातली आहे. सीव्हीटीत (पट्टा आणि पुलीवाली ऑटोमॅटिक) तर गिअरच नाहीत. इंजिनाचा जोर जिथे आहे त्या आरपीएमला ती त्याला धरून ठेवते. लहान इंजिनाला याहून काय हवं?

गिअरतेल

दोघंही ‘ऑटोमॅटिक’ म्हणताय आणि वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलताय. लहान गाड्यांत चार प्रकार मिळतात: एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पुढे देणारा) आणि डीसीटी (दोन क्लचवाली). वाद घालायचा तर कोणता ते आधी सांगा.

सर्वांत जास्त गैरसमज एएमटीबद्दल, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. ही मॅन्युअलच. गिअरबॉक्स तोच, प्लेट तीच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर पाडणं ही कामं ॲक्चुएटर (हातापायाऐवजी हलवणारं यंत्र) करतो. त्यामुळे ॲव्हरेज जवळजवळ मॅन्युअलइतकंच मिळतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना काय होतं बघा: इंजिनाचा जोर कमी होतो, क्लच उघडतो, पहिला सुटतो, दुसरा पडतो, क्लच पुन्हा जुळतो. तेवढा वेळ चाकांना जोर नसतो, म्हणून मान पुढे झुकते. बदल होणार असं वाटताच ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला, झटका निम्म्याने कमी होतो. ओव्हरटेकला मात्र M मोडमध्ये (गिअर आपणच बदलायचा) आधीच खालचा गिअर घेऊन ठेवा.

एएमटी बिघडते कुठे ते सांगतो. चढावर थांबलेली एएमटी ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की प्लेट जळते, वासच येतो. ‘ऑटोमॅटिक आहे, चालतं’ या समजुतीने हे सर्रास केलं जातं. दुसरं, प्लेट बदलल्यावर क्लच नेमका कुठे धरतो तो बिंदू स्कॅनर जोडून गाडीला शिकवावा लागतो. ते राहिलं तर नवी प्लेट असूनही गाडी निघताना थरथरते, किंवा गिअरच घेत नाही. तिसरं, हायड्रॉलिक ॲक्चुएटरवाल्या काही गाड्यांत दार उघडताच जो ‘घुंऽ’ आवाज येतो तो पंप दाब भरत असतो. रात्रभर उभ्या गाडीत दोन-तीन सेकंद आला तर ठीक. चावी फिरवून गिअर न बदलताही तो दर काही सेकंदांनी येत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय किंवा ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारा भाग) थकलाय.

दुसरा_गिअर

म्हणजे एएमटी ही रोबोटचा पाय लावलेली मॅन्युअल. प्लेट तर जाणारच, वर ॲक्चुएटर आणि पंप. माझ्या मुद्द्याला पुरावाच मिळाला की!

माझ्या बाजूने अजून एक: मॅन्युअलची तब्येत कुणालाही तपासता येते. सपाट मोकळी जागा, समोर कुणी नको. हँडब्रेक घट्ट, उजवा पाय ब्रेकवर तयार, तिसरा गिअर, 1500 आरपीएम, क्लच हळूहळू सोडा. इंजिन गपकन बंद पडलं तर प्लेट ठीक. धडधडत चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, परत परत केलंत तर चांगली प्लेटही खराब कराल. पेडल दाबल्यावर घरघर वाढत असेल तर रिलीज बेअरिंग. निघताना थरथर असेल तर प्लेटवर तेल आलंय का बघा. इंजिनाचं मागचं ऑइल सील गळत असतं, आणि ते न बदलता नवी प्लेट टाकली की सहा महिन्यांत पुन्हा तेच. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि बेअरिंगही त्याच वेळी बदलावं, मजुरी दोनदा पडत नाही.

रॅम्पवाला

इमारतीच्या तळघरातून वर येणारा अरुंद, वळणाचा रॅम्प. मध्येच थांबायचं, मागे गाडी चिकटलेली. यावर कुणी बोललं नाही.

मॅन्युअलची रीत: हँडब्रेक ओढा, पहिला टाका, थोडा रेस, क्लच इतकाच सोडा की बॉनेट किंचित उचललं जाईल, मग हँडब्रेक सोडा. येतं, पण दर वेळी प्लेटचा एक घास जातो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ती घसरण तेलात होते, झिजायला फ्रिक्शन प्लेट नसते. शिवाय उभ्या गाडीतून निघताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो. जाग्यावरून सुटताना 90 चे 180! बऱ्याच सीव्हीटींनाही पुढे हाच कन्व्हर्टर असतो.

डीसीटी या कामासाठी नको. लहान गाड्यांत बहुधा कोरडे क्लच असतात, आणि रेंगाळताना पहिल्या गिअरचा क्लच एकटाच मार खातो. घ्यायचीच तर थांबताना ब्रेक पूर्ण दाबा. अर्धवट ब्रेकवर सरकत राहणं म्हणजे हाफ क्लचच, फक्त आपल्याला दिसत नाही एवढंच.

गिअरतेल

रॅम्पवाला, सहमत. पण तेलाचं कुणी काढलंच नाही, ते मीच काढतो (आयडी तसा आहे).

सीव्हीटी मरते ती उष्णतेने आणि चुकीच्या तेलाने. पट्टा आणि पुली यांची पकड तेलाच्या गुणधर्मावर अवलंबून असते. नेहमीचं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) ओतलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि मग दुरुस्ती नाही, थेट बॉक्सच बदला. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर जाऊ नका. तुंबलेल्या रस्त्यांवर 40,000 ते 60,000 किलोमीटरला ते बदलावं. ड्रेन बोल्ट उघडला की साधारण निम्मंच तेल पडतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकतं. म्हणून काळं तेल एका बदलात साफ होत नाही. पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासायची. मॅन्युअलला यातलं काही नाही, दोन-अडीच लिटर गिअर ऑइल, विषय संपला.

लहान गाडी आणि सीव्हीटी हे नातं मात्र जुनं आहे. 1958 च्या डाफ 600 मध्ये रबरी पट्ट्यांची हीच कल्पना होती. ती गाडी मागेही पुढच्याच वेगाने पळायची!

डावा_पाय

दुसरा_गिअर, ‘बॅटरी गेली तर ढकलून चालू करता येते’ हा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, बरं केलंत. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंजेक्शनवाली मॅन्युअलही ढकलून उठत नाही. फ्युएल पंपालाच वीज नसते.

टोचन

उठत नाही हे खरं, पण ओढून नेताना फरक पडतो. मॅन्युअल न्यूट्रलमध्ये चार चाकांवर ओढता येते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाचा पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे बॉक्स कोरडा फिरतोय. पुढची चाकं उचलूनच न्या. एएमटी गिअरमध्ये अडकून बंद पडली तरी तेच, कारण वीज नसली की न्यूट्रल मिळत नाही.

रॅम्पवाला

एएमटीत एक राहिलं, आणि यात गाड्या खरोखर घरंगळतात. बहुतेकांना P (पार्क) नसतो. N (न्यूट्रल) मध्ये बंद केली तर गाडीला फक्त हँडब्रेकचा आधार. ब्रेक दाबून, D (पुढे) किंवा R (मागे) मध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं. क्लच जुळतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. तोंड चढाकडे असेल तर D, उताराकडे असेल तर R.

आणि ज्यांना P आहे त्यांनी: N मध्ये आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी त्यावर टेकू द्या, पुन्हा ब्रेक दाबून P टाका. उलट केलंत तर सगळं वजन आतल्या एका खुंटीवर बसतं, आणि सकाळी लिव्हर हलवताना जो ‘खाट्’ आवाज येतो तो तिचाच.