एकत्रीकरणातली ‘चूक’ पन्नास वर्षांनी काढून वारसांची जमीन दुसऱ्याच्या गटात घालता येते का?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. गाव सोलापूर जिल्ह्यात, मी नोकरीनिमित्त पिंपरीत. पणजोबांचा एक सर्व्हे नंबर होता. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात वाटप होऊन पोटहिस्से पडले, फेरफारही झाला. १९७३ ला गावात एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडायची सरकारी योजना) आलं, आमच्या पोटहिश्शाचा गट नंबर ११२ झाला, थोरल्या आजोबांचा १०९. आजोबा १९८९ ला गेले. त्यानंतर वडील, चुलते आणि दोन आत्या अशी वारस नोंद झाली. वडील आता नाहीत.

आता १०९ वाला चुलतभाऊ म्हणतो, एकत्रीकरणात आमचे १८ गुंठे चुकून ११२ मध्ये गेले. विहीरही त्याच १८ गुंठ्यांत आहे, हा योगायोग समजा. त्याने अर्ज केला, मोजणी झाली आणि तालुक्याच्या कार्यालयाने दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला. नोटीस फक्त गावातल्या चुलत्यांना. मी भेटायला गेलो तर तिथला एक जण म्हणाला, “स्कीम दुरुस्त झाली की सातबारा आपोआप फिरेल, वारसांचं पण बघून घेऊ.” वर चुलत्यांकडून संमतीचा जबाब मागितलाय. साहेबाच्या एका सहीने वारसाहक्काची जमीन अशी जाऊ शकते का?

शंकू_साखळी:
भूमी अभिलेखमधून, म्हणजे जमीन मोजणी आणि नकाशांच्या खात्यातून, निवृत्त आहे. जुन्या शंकू साखळीपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीनपर्यंत सगळं वापरून झालंय. आधी चुलत्यांना फोन करा: कसल्याही जबाबावर सही नको. “मोजणीला हजर होतो म्हणून सही करा” असं म्हणतात आणि खाली ओळ असते, ‘दुरुस्तीस माझी हरकत नाही’. मी असे जबाब पाहिलेत. मजकूर एका शाईत, ती शेवटची ओळ दुसऱ्या शाईत.

आता मुद्द्याचं. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यात दुरुस्तीची दोन दारं आहेत. कलम ३१-अ हस्तदोष (लिहिताना झालेली चूक) आणि आकडेमोडीच्या चुकांसाठी. योजना लिहिताना १ हेक्टर ६२ आरचं चुकून २६ झालं, तर ती चूक तिथे सुधारते. दुसरं कलम ३२. योजनाच सदोष असेल तर जमाबंदी आयुक्तांनी (भूमी अभिलेख खात्याचे प्रमुख) ती बदलायची. प्रत्यक्षात हे अधिकार उपसंचालकांकडे दिलेले असतात. तालुक्याचं कार्यालय फक्त प्रस्ताव करतं. तिथला माणूस “आपोआप फिरेल” म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या खुर्चीपेक्षा मोठं बोलतोय. कलम ३२ खाली आधी बदलाचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, बाधित माणसाला हरकतीसाठी एक महिना मिळतो. तुमच्या आत्या आणि तुम्ही बाधित आहात. नोटीस नाही, तर प्रस्ताव तिथेच लंगडा.

आणि वारसांचं ‘बघून घेणं’ हा प्रकार एकत्रीकरणाच्या कायद्यात नाहीच. मयताचे वारस कोण, कुणाचा हिस्सा किती, हे भूमी अभिलेखने ठरवायचं नसतं. वारस नोंद महसूल संहितेच्या कलम १४९-१५० प्रमाणे तलाठी-मंडळ अधिकारी करतात, आणि तीही नोंदच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

योजनेचा उतारा काढलाय का? एकत्रीकरणाचे ९(३), ९(४) नमुने म्हणून मागा. सोबत गटाचा नकाशा, जुन्या पोटहिश्शाचं टिपण आणि फाळणी (मूळ मोजणीचे आणि हिस्से पाडल्याचे नकाशे). खरी गोम तिथे कळेल. बऱ्याच गावांत गट नकाशे जागेवर न मोजता जुने कागद टेबलावर जोडून केले. त्यामुळे आता मशीनने मोजलं की बांध इकडे-तिकडे दिसतोच. मशीनला दिसलेला फरक म्हणजे योजनेतली चूक, हे मात्र कुणी म्हणू नये.

कोर्टकचेरी:
पुण्यात वकिली करतो. काकांनी निम्मं काम केलंय, मी मुदतीचं सांगतो. कलम ३२ मध्ये मुदत लिहिलेली नाही, म्हणून वर्षानुवर्षं कधीही अर्ज घ्यायचे. मुंबई उच्च न्यायालयाने गुलाबराव काकडे विरुद्ध निवृत्ती भिलारे या २००१ च्या निकालात म्हटलं की हा अधिकार वाजवी मुदतीतच वापरायचा, आणि ती साधारण तीन वर्षं धरली. तुमच्याकडे पन्नास उलटून गेली. हरकतीत हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घाला. तरी आदेश झालाच तर कलम ३५ खाली शासनाकडे जाता येतं, नंतर उच्च न्यायालयात रिट याचिका आहेच.

पाटाचं_पाणी:
सर्वोच्च न्यायालयाने २०२४ ला सांगितलंय ना की एकत्रीकरण अधिकाऱ्याला मालकी काढून घेता येत नाही? आमच्या ग्रुपवर फिरतंय. तेवढं दाखवलं की झालं.

कोर्टकचेरी:
तो निकाल उत्तर प्रदेशच्या १९५३ च्या चकबंदी (तिकडचं एकत्रीकरण) कायद्यावरचा, तिथल्या कलम ४९ बद्दल. तत्त्व आपल्या कामाचं आहे: आधीपासून असलेला हक्क अधिकारी घोषित करू शकतो, पण ज्याच्याकडे मालकी आहे त्याची काढून दुसऱ्याला देऊ शकत नाही. युक्तिवादाला जोड म्हणून जरूर लावा. पण आपला कायदा वेगळा, कलमं वेगळी. नुसता तो फॉरवर्ड घेऊन सुनावणीला गेलात तर समोरचा वकील पहिल्या मिनिटाला तेच म्हणेल.

बांधकरी:
सगळे तीन वर्षं तीन वर्षं म्हणताय, मला राग येतोय. आमचं उलट आहे. एकत्रीकरणात आमची एकरभर जमीन शेजाऱ्याच्या गटात गेली. आजोबा निरक्षर, त्यांना कळलंच नाही. वहिवाट आजही आमची. कागद काढला तेव्हा समजलं आणि अर्ज केला तर “मुदतबाह्य”. अधिकाऱ्याची चूक ती चूक, आमचा उशीर तेवढा गुन्हा?

शंकू_साखळी:
राग रास्त आहे. त्या काळी दवंडी दिली, चावडीवर यादी लावली, की कळवलं असं धरायचे. पण तुम्ही अर्जाच्या मागे लागू नका. ताबा तुमचा आहे ना? पीकपाहणी, पाणीपट्टीच्या पावत्या गोळा करा. मालकी कुणाची हा वाद दिवाणी कोर्टाचा.

कोर्टकचेरी:
हो, फक्त दाव्याची मांडणी जपून करा. कलम ३६-अ मुळे जे प्रश्न या कायद्याने अधिकाऱ्याने ठरवायचेत त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. ‘योजना दुरुस्त करून द्या’ असं मागितलंत की दावा तिथेच अडकतो. मालकी आणि ताब्याची घोषणा, मनाई हुकूम, असं मागा.

माळावरचा:
उतारा मिळाला. योजनेतही ११२ चं क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, सातबारावर तेच. जुन्या पोटहिश्शाचंही तेवढंच. म्हणजे आम्हाला जास्तीचं काही आलेलंच नाही. आत्यांच्या आणि माझ्या वेगळ्या हरकती तयार केल्यात. विहीर मात्र आजोबांच्या वेळेपासून दोघांत, चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. त्याचं काय?

शंकू_साखळी:
हरकती प्रत्यक्ष आवक शिक्क्यासह द्या, पोच घ्या, एक प्रत उपसंचालकांकडे रजिस्टर पोस्टाने. चुलतभावाचा विहिरीतला हिस्सा तुमच्या सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आहे का बघा. असेल तर त्याचं पाणी तुम्ही अडवू शकत नाही, आणि सुनावणीत ते स्वतःहून कबूल करा. माझा अंदाज, त्याला १८ गुंठे नकोतच, नवी मोटर बसवायचीय.