मदत हवी आहे: नववीच्या मुलांसाठी आशेचं उदाहरण

शनिवारी नववीच्या मुलांशी अर्धा तास बोलायचंय, विज्ञानामुळे माणसाचं भविष्य चांगलं का असू शकतं यावर. मागच्या वेळी देवी रोगाचं सांगितलं, १९८० ला जगातून गेल्याचं जाहीर झालं ते, मग पोलिओ, २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाला ते, मुलं मन लावून ऐकत होती पण एकीने विचारलं सर हे रोगांचंच झालं, हवामानाचं काय? मी ओझोनचं सांगितलं, ओझोन थराला धोका असलेली रसायनं कमी करायच्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे तो थर हळूहळू भरतोय, पटलं तिला, पण फार लांबचं वाटलं. प्रश्न खरा आहे तिचा.

प्रोजेक्टर नाहीये, फळा-खडूच. सोलर आणि एलईडी बल्ब झालेत सांगून. ऊर्जा, पाणी किंवा शेतीतलं असं कुठलं उदाहरण आहे जे मुलांना घरी जाऊन स्वतः मोजून बघता येईल?