मदत हवी आहे: जोशुआ ट्रीमध्ये मुलांसोबत कॅम्पिंग

मार्चअखेर कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकून राहायचा बेत आहे. सोबत मुलं आणि सासूबाई. जागा जम्बो रॉक्सला मिळाली, पण तिथे पाण्याची सोयच नाही, सगळं गाडीतून न्यायचं. पिण्यासाठी माणशी रोज ४ लिटर धरलंय. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं यासाठी वर किती घ्यावं? रात्री वारा सुटला की तंबू कसा टिकवता?

रायन माउंटन जाऊन-येऊन ३ मैल, पण चढ हजार फुटांचा आणि सावली जवळजवळ नाहीच. सात वर्षांच्या लेकीला झेपेल, की हिडन व्हॅलीची १ मैलाची फेरीच बरी? चोया निवडुंगाचे काटे कातडीत रुतले तर कंगव्याने उपसून काढतात म्हणे. कुणी करून पाहिलंय का?